पेरूला सोडा, खिडकी उघडा

पोर शिंकलं की घरात पहिला संशय पेरूवर. पेरू नसेल तर दही, केळं, फ्रीजचं पाणी, रात्री धुतलेले केस. आरोपींची ही यादी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दोन तास सोफ्यावर बसून मनमुराद खोकणाऱ्या आणि जाताना बाळाचा गालगुच्चा घेणाऱ्या पाहुण्याचं नाव तिच्यात एकदाही आलेलं नाही. त्याला चहा मिळतो. पोराचा पेरू जातो.

सर्दी पेरूतून येत नाही, ती माणसाकडून माणसाकडे येते. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे शंभरावर प्रकार आहेत. म्हणून एकदा झाली आणि सुटलो, असं होत नाही. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलाला सहा-आठदा सर्दी होते, त्यात जगावेगळं काही नाही. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६पासून चार दशकांहून अधिक काळ फक्त सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र चाललं. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या अंगानेच वाऱ्याच्या तोंडाशी उभं केलं. नुसत्या गारठ्याने त्यांना सर्दी झाली नाही. गारव्याने नाकाची राखण थोडी ढिली पडत असेलही, पण विषाणू आणून देणारा माणूस लागतोच.

आणि पेरूचं म्हणाल, तर शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. त्याने सर्दी टळते असा माझा दावा नाही. रोज क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही सर्दी इतरांइतक्याच वेळा होते, फार तर थोडी लवकर ओसरते. पण हंगामातलं स्वस्त, कसदार फळ आजारी पोराच्या हातून काढून घ्यायचं आणि ‘इम्युनिटी’ असं छापलेली चारशे रुपयांची बाटली आणायची, हा व्यवहार पाहून मला राग येतो.

खटला चालवायचाच असेल तर तो बंद खोलीतल्या हवेवर चालवा.

पावसाचे सपकारे आत येतात म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद. आत साठ मुलं, डोक्यावर पंखे गरगर. पंखा हवा बदलत नाही, एकाच्या नाकातून निघालेली हवा साठ जणांत वाटतो. शिकवणीच्या वर्गात एसी असतो आणि जाहिरातीत तो ठळक छापलेला असतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच गार करून पुन्हा खोलीत सोडतो. पालक त्याचे जास्तीचे पैसे भरतात आणि पोर घरी खोकला घेऊन येतं. एसटीत चढलं की एकजण काच लावतो, मग पुढचा लावतो, आणि घाट येईपर्यंत पन्नास माणसं एकमेकांचे श्वास घेत बसलेली असतात. काच चार बोटं उघडी ठेवा म्हटलं की लोक ‘गार लागतंय’ म्हणून अंगावर येतात.

समोरासमोरच्या दोन खिडक्या हातभर उघड्या राहिल्या तर वारा आरपार जातो. त्याला वीज लागत नाही, टेंडरही लागत नाही. शाळांनी नवीन वर्ग बांधताना वर झडप आणि बाहेर रुंद छज्जा केला, तर भर पावसातही खिडकी उघडी राहते. आपल्या जुन्या कौलारू शाळांमध्ये हे होतं. स्लॅबच्या शाळांनी ते काढून टाकलं आणि वर रंगकामाची पाटी लावली.

महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, मोठा जोर थंडीत नव्हे, याच बंद खिडक्यांच्या पावसाळ्यात असतो. जुलै ते सप्टेंबर. थंडी सरताना पुन्हा एकदा लहानशी लाट येते. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, आणि ती शाळकरी मुलगी होती. त्या महिन्यात अख्ख्या शहराने तोंडाला रुमाल बांधले होते. इतकं सगळं पाहिलेल्या या राज्यात फ्लूच्या लशीची आठवण लोकांना दिवाळीनंतर होते. ती पावसाळ्याआधी घ्यायची असते, म्हणजे मे-जूनमध्ये. गरोदर बाई, साठी ओलांडलेले, दम्याचे, मधुमेहाचे, दवाखान्यात काम करणारे यांनी तर नक्कीच, आणि दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो.

आता शंभर टक्के हजेरीचं बक्षीस.

स्नेहसंमेलनात टाळ्या वाजतात, मूल व्यासपीठावर येतं, हातात प्रशस्तिपत्र. वर्षभरात एकही दिवस न चुकवलेलं मूल म्हणजे बहुतेक वेळा ताप आणि वाहतं नाक घेऊन वर्गात बसवलेलं मूल. त्याच्या शेजारच्या मुलाने पुढच्या आठवड्यात चार दिवस बुडवले, त्याचा हिशेब कुठे नाही. हे बक्षीस बंद करा. मुख्याध्यापकांनी या एका कागदावर फुली मारली तरी पुष्कळ होईल. उलट नियम असा हवा की ताप उतरून एक पूर्ण दिवस जाईपर्यंत मुलाने घरी राहायचं, आणि त्या दिवसांची गैरहजेरी कुणी तोंडावर फेकायची नाही. हाच नियम शिक्षकांना, हाच कार्यालयांना. खोकत कामावर येणाऱ्याला आपण निष्ठावान म्हणतो आणि त्याच्यामुळे आडव्या पडलेल्या चौघांना रजेचे अर्ज भरायला लावतो.

झोपेचंही इथेच सांगते. २०१५मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला, तेव्हा बसच्या फेऱ्या कशा बसवायच्या म्हणून केवढी ओरड झाली. पोरांच्या झोपेच्या बाजूने फार थोडे बोलले.

हात धुण्याबद्दल लोक कंटाळले आहेत, हे कळतं मला. तरी कराचीचं सांगायलाच हवं. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये काही घरांना साबण दिला, दर आठवड्याला घरी जाऊन हात कधी आणि कसे धुवायचे ते दाखवलं. २००५मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला होता. साध्या साबणाने. जंतुनाशक साबणानेही तेवढंच झालं, जास्त काही नाही. आपल्या शाळांत नळ बसवल्याचे फोटो निघतात. नळाखाली साबण आहे का, ते बघायला फोटोवाले थांबत नाहीत.

धुराकडे वळते, कारण तिथे आपण प्रेमाने इजा करतो.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. अंघोळ झाली की बाळाला त्या धुरावर धरायचं, छाती मोकळी होते म्हणून. दहा दिवसांच्या बाळाच्या श्वासनळ्या केवढ्याशा असतात! नाकापासून फुप्फुसापर्यंत एक नाजूक केसाळ अस्तर असतं, ते विषाणू आणि घाण बाहेर लोटतं. धूर त्याच अस्तराला दुबळं करतो. आजीने हे तिच्या सासूकडून घेतलं, तिच्या मायेवर माझा आक्षेप नाही. बाळाला ऊब द्या, मालिश करा, उन्हात घ्या. धुरी नको. बाळाच्या गळ्याशी बांधलेली कापराची पुरचुंडीही नको: कापूर पोटात गेला किंवा जास्त हुंगला गेला तर तान्ह्याला झटके येऊ शकतात.

चुलीच्या धुरात वाढणाऱ्या मुलाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरोघर आली. सिलिंडर संपला की पुढचा परवडेपर्यंत पुन्हा चूल पेटते, हे खेड्यात कुणीही सांगेल. जोडण्यांचे आकडे फलकावर मिरवायचे असतील तर वर्षाला किती सिलिंडर भरले गेले, तो आकडाही शेजारी लिहा. शहरातल्यांनी फार सुटकेचा श्वास सोडू नये. रात्री दारं-खिडक्या लावून जाळलेली डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं २००३मध्ये मोजलं गेलं आहे. आपण ती पाळण्याखाली लावतो. मच्छरदाणी ही त्याहून जुनी आणि स्वस्त गोष्ट आहे. आणि ज्या घरात बाप आत बसून बिडी ओढतो, त्या घरातल्या मुलाच्या खोकल्याला दही जबाबदार नाही.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साधी सर्दी-खोकला झालेली मुलं एकामागून एक मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. अनेकांना नागपूरला आणलं होतं, कारण त्या भागाला मोठं रुग्णालय म्हणजे नागपूर. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल सापडलं. परवानगी असते ती ०.१ टक्का. हे रसायन ब्रेकच्या तेलात आणि गाड्यांच्या शीतक द्रवात वापरतात.

मुंबईला या रसायनाचं नाव नवीन नाही. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेलं ग्लिसरॉल दिल्याने चौदा रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीतला भ्रष्टाचार आणि अन्न-औषध खात्याचा कारभार उघड्यावर मांडला. चाळीस वर्षं होत आली. तेच रसायन, तीच ढिलाई, आणि या वेळी चार-पाच वर्षांची मुलं. कच्च्या मालाचा प्रत्येक डबा तपासायचा, एवढंच काम होतं.

भेसळीचा गुन्हा कारखान्याचा आणि तपासणी न करणाऱ्यांचा. पण शुद्ध सिरप तरी कशाला हवं होतं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे. सर्दीवरची ही मिश्रणं लहान मुलांचा आजार एका दिवसानेही कमी करतात असं दिसलेलं नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नका, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच सांगितलं होतं. छिंदवाड्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध नाहीच आणि पाच वर्षांखाली सहसा नाही. तरी तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाऊन ‘बाळाला खोकला आहे’ म्हणा. बाटली काउंटरवर येईल, वय कुणी विचारणार नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, हे आईला आधी कुणी सांगितलं असतं तर ती पाचव्या दिवशी घाबरून दुकानात गेली नसती. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध द्या, वर्षाखाली मध देऊ नका. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध आणि थोडं थांबणं. वाफेचं पातेलं मात्र मुलापुढे ठेवू नका, त्याने भाजलेली पोरं दवाखान्यात येतात.

अँटिबायोटिकचंही तेच. विषाणूवर ते चालत नाही. पट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, आणि २०१६ साली सरकारने त्यासाठी मोहीमही काढली. पण तीन गोळ्यांची पट्टी चॉकलेटइतकी सहज मिळते, आणि ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणणारे आपणच असतो. याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एकाएकी खूप दुखायला लागला, ताप आहे, गळ्याच्या गाठी दुखतात आणि खोकला मात्र नाही, तर तो स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असू शकतो. तिथे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध डॉक्टर सांगतील तितके सगळे दिवस घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर काही मुलांना संधिवाती ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पुढे वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन किंवा झडपेची शस्त्रक्रिया. विषाणूच्या सर्दीत अँटिबायोटिक ओतायचं आणि या घशाला मिठाच्या गुळण्यांवर सोडून द्यायचं, हा उलटा कारभार थांबायला हवा.

मग घाबरायचं कधी? श्वास मोजा.

हे गडचिरोलीने जगाला शिकवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. दायांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. औषध साधं, कोट्रायमोक्सॅझोल. १९९०मध्ये लॅन्सेटमध्ये हे काम छापून आलं. उपचार मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, आणि हे काम जिथे नव्हतं त्या शेजारच्या भागात तेरा टक्क्यांहून जास्त. डॉक्टर नाही, एक्स-रे नाही. गावातली बाई, मणी आणि वाळू.

दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, तर घरी थांबू नका. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, सदरा वर करून पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, दूध ओढत नाही, अंग ढिलं पडलंय, ओठ निळसर दिसतायत, तर मोजायलाही थांबू नका. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप असला तरी थेट रुग्णालय. ज्या आईच्या हातात मोबाइल आहे तिच्याकडे मिनिट मोजायचं घड्याळ आहेच. एवढी माहिती प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत का नाही? आशाताईंना हे शिकवलेलं असतं, २०१९च्या न्यूमोनियाविरोधी ‘सांस’ मोहिमेपासून त्यांच्या हाती पहिला डोस द्यायची सोयही आहे. त्यांच्या पिशवीत त्या गोळ्या खरोखर असतात का, हे ग्रामसभेत विचारा. न्यूमोकोकसची लस २०२१पासून देशभर सरकारी केंद्रांत फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. हुकली असेल तर याच आठवड्यात जा.

इथवर जे सांगितलं ते खिडकी असलेल्यांना. मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या केल्या. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयरोग कसा पसरला यावर अभ्यास झाले. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची भिंत आणि खाली कचरा. तिथल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू, की हवा खेळती ठेवा? ते नकाशे मंजूर करणाऱ्यांना सांगायला हवं, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची पुढची फाइल सही होण्याआधी सांगायला हवं.

आणि ऊसतोडीचे लोक. दिवाळीनंतर बीड, नगरकडून निघतात, कारखान्याच्या आवारात किंवा माळावर कोप्या घालतात. पाचट किंवा ताडपत्री, वाकून आत शिरायचं, दारातच तीन दगडांची चूल. थंडी तिथे खरी असते. धूरही असतो, आणि एका कोपीत पाच-सहा माणसं झोपतात. धोक्याची जेवढी कारणं वर लिहिली ती सगळी त्या आठ बाय आठ फुटांत एकत्र आहेत. पहाटे चारला फड गाठायचा. तान्हं बाळ बांधावर, मोठ्या बहिणीच्या मांडीवर, तिची शाळा बुडालेली. बाळाचा श्वास वाढला हे आईला दिसतं, मोजायची गरजही पडत नाही. पण मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती दवाखान्यात गेली तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये देतात आणि तेवढेच सरकार घालतं. त्या पैशातून कोप्यांवर आशाताईंची आठवड्याची फेरी करता येते, गळीत सुरू होण्याआधी मुलांच्या लशी पुऱ्या करता येतात. त्याआधी एक गोष्ट करा. बाळाचे श्वास पन्नासाच्या वर गेले आणि आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली, तर मुकादमाच्या वहीत त्या दिवशी तिचा खाडा पडू नये. तिची मजुरी महामंडळाने भरावी.